रात्रीची बॅच : ठाण्यातल्या क्लासचालकांना खुले पत्र

ठाणे शहरातल्या जेईई, नीट आणि सीईटी क्लासेसचे संचालक आणि तिथे शिकवणाऱ्या सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात ईईजी टेक्निशियन आहे. यंदा २४ वर्षं होतील. पेशंटच्या डोक्यावर टेपने मोजून खुणा करायच्या, एकवीस तारा चिकटवायच्या, मशीन सुरू करायचं आणि अर्धा-पाऊण तास मेंदूतल्या विजेची नोंद घ्यायची, हे माझं काम. रिपोर्ट डॉक्टर लिहितात. नातेवाईक दाराशी गाठून "मॅडम, काही निघालं का?" विचारतात, तेव्हा मी "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणते. इतकी वर्षं हे एकच वाक्य म्हणत आले. आज जरा जास्त बोलणार आहे, पण कुणाच्या रिपोर्टबद्दल नाही.

आमच्याकडे एक तपासणी असते, तिला काउंटरवर आम्ही 'जागरणाची टेस्ट' म्हणतो. साध्या ईईजीत काही सापडलं नाही आणि डॉक्टरांचा फिट्सचा संशय गेला नाही, की पेशंटला मुद्दाम कमी झोपून यायला सांगतात. झोप अपुरी झाली की मेंदूच्या पेशी जास्त चटकन पेटतात, एरवी दबून राहिलेली गडबड कागदावर उमटते. शिवाय दमलेला माणूस टेबलावर लगेच झोपतो, म्हणजे झोपेतलीही नोंद हाती येते. त्याच्या सूचना मला आता पाठ झाल्यात : रात्री बारापर्यंत झोपायचं नाही, पहाटे चारला उठायचं, नंतर एकही डुलकी नाही, चहा-कॉफी नाही, केस शाम्पूने धुऊन यायचं, तेल लावायचं नाही. (तेलाचं तीनदा सांगावं लागतं. तरी एखादी आजी नातवाला चापूनचोपून तेल लावून पाठवतेच, आणि मग माझी पेस्ट काही केल्या धरत नाही.)

मागच्या हिवाळ्यात एक मुलगा आई-वडिलांबरोबर अपॉइंटमेंट घ्यायला आला. बारावी सायन्स. मी सूचना म्हणून दाखवल्या. बारा ते चार. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "म्हणजे रोजच्यासारखंच ना?"

आईने पर्सची चेन उघडली आणि परत लावली. वडील म्हणाले, "क्लासचं शेड्यूल असतं मॅडम."

हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहितेय. जे आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एका रात्रीपुरतंही कुणाला करायला सांगत नाही, ते या मुलाच्या घरी दोन वर्षं रोज चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

त्याच्या रिपोर्टात काय आलं ते मी सांगणार नाही. आणि तुमच्या क्लासमुळे कुणाला फिट येते असंही मला म्हणायचं नाही. वयात येताना सुरू होणारा एपिलेप्सीचा एक प्रकार असतो : सकाळी उठल्याउठल्या हातांना झटके येतात, चहाचा कप उडतो, ब्रश हातातून पडतो, घरचे धांदरट म्हणून ओरडतात. जागरण झालं की झटके वाढतात आणि एखाद्या सकाळी मोठी फिट येते. तो कल मुळातच असतो, कुठल्याही सरांनी तो दिलेला नसतो. जागरणाने तो फक्त चिथावला जातो. अशी मुलं थोडी. मला बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल. ज्यांना कसलाही आजार नाही, जी माझ्या टेबलावर कधीच येणार नाहीत, आणि जी आज रात्री तुमचा होमवर्क संपवून दीड वाजता आडवी होणार आहेत.

त्या मुलाच्या तपासणीच्या दिवशी शेवटची तार लावली, दिवा मंद केला आणि म्हटलं, डोळे मीट, झोप आली तर झोप. पुरेशी झोप होणाऱ्या माणसाला अशा अनोळखी खोलीत, डोक्याला तारा लावलेल्या असताना, डोळा लागायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. काहींना लागतच नाही. हा तीन मिनिटांच्या आत गेला. मी अजून वहीत वेळ लिहीत होते.

पुढे स्क्रीनवर जे दिसतं ते मी हजारो वेळा पाहिलंय, आणि तरी मला बघत राहावंसं वाटतं. डोळे मिटलेल्या जाग्या माणसाची सेकंदाला आठ-दहा लाटांची लय विरघळते. रेषा पसरट होते. आणि मग अचानक डोक्याच्या मधल्या तारांवर एक झुबका उमटतो, सेकंदाला बारा-चौदा लाटांचा, सुरुवातीला बारीक, मधे फुगलेला, शेवटी पुन्हा निमुळता. एक सेकंद, फार तर दोन. याला स्पिंडल म्हणतात, म्हणजे आपली चाती. टकळीवर सूत गुंडाळलं की जसा आकार होतो अगदी तसा. मी कामाला लागले तेव्हा आमच्याकडे कागदी मशीन होतं, शाईची पेनं आणि घड्या पडत जाणारा कागद. पेशंट झोपला हे मला न बघताही कळायचं, कारण पेनांची खरखर बदलायची.

ही चाती फिरते कुठे, हे रुमानियातून कॅनडात गेलेले मिर्चा स्टेरिआदे यांनी १९८०च्या दशकात मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस असतो. कान, डोळे, त्वचा यांच्याकडून येणारं जवळजवळ सगळं त्याच्यातून वर जातं. त्याच्याभोवती पेशींचा एक पातळ पडदा असतो. चातीची लय त्या पडद्यात जन्मते, आणि ती चालू असते तोवर बाहेरचं फारसं काही आत शिरत नाही. ज्यांच्या झोपेत चात्या जास्त, ते गोंगाटातही जास्त टिकून झोपतात, असं २०१० मध्ये हार्वर्डच्या गटाने माणसांवर तपासलं. घोडबंदर रोडवर खिडकी उघडणाऱ्या फ्लॅटमध्ये जी मंडळी घोरत पडतात त्यांचं रहस्य बहुधा हेच.

पण दार लावून घेऊन मेंदू आत करतो काय? इथे मला एका माणसाबद्दल तुम्हाला सांगायचंय. तुम्ही रोज न्यूटन आणि ओहम शिकवता, त्यामुळे एखादा प्रयोग नीट रचलेला आहे की नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

ग्यॉर्गी बुझाकी. हंगेरीत जन्मले, तिथेच डॉक्टर झाले, आता न्यूयॉर्क विद्यापीठात आहेत. आयुष्यभर उंदरांच्या मेंदूतल्या एका भागाचं बोलणं ऐकत बसले. तो भाग हिप्पोकॅम्पस, कानाच्या आतल्या बाजूला खोलवर असलेला. माणसात तो करंगळीएवढा. नवी गोष्ट आधी तिथे टिपली जाते. बुझाकींना दिसलं, की उंदीर इकडेतिकडे फिरत, हुंगत असतो तेव्हा तिथे एक संथ, नियमित लय असते. तो थांबला, निवांत बसला किंवा गाढ झोपला की ती लय मोडते आणि मधूनमधून एक थरथर उठते. सेकंदाला दीडशे ते दोनशे कंपनांची, आणि टिकते जेमतेम एक दशांश सेकंद. तिचं नाव रिपल. तलावपाळीच्या पाण्यात खडा पडल्यावर उठणाऱ्या लहरी डोळ्यांसमोर आणा, फक्त फार वेगवान.

१९८९ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली. ती माझ्या शब्दांत सांगायची तर जुन्या दुकानाच्या हिशेबासारखी आहे. दिवसभर जे व्यवहार होतात ते रोजकिर्दीत घाईघाईने उतरवले जातात. दुकानाची फळी लावल्यावर दिवाणजी बसतो आणि एकेक नोंद ज्या-त्या खात्यावर चढवतो, ती खतावणी. हिप्पोकॅम्पस ही रोजकीर्द. मेंदूची वरची साल ही खतावणी. आणि रिपल म्हणजे दिवाणजीने एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवणं.

कल्पना मांडणं सोपं असतं. पुढची गंमत अशी की ती तपासली गेली. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या कितीतरी पेशी एकाच वेळी ऐकल्या. यातल्या काही पेशी ठरावीक जागीच बोलतात, एक या वळणावर, दुसरी त्या कोपऱ्यात. फिरताना ज्या पेशी जोडीने बोलल्या होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेत पुन्हा जोडीने बोलत होत्या. उंदीर झोपलेला, आणि मेंदू दिवसाचा रस्ता पुन्हा चालत होता.

तुमच्यातला एखादा फिजिक्सचा सर इथे म्हणेल, बरोबर घडतं म्हणजे त्यामुळे घडतं असं नाही. बरोबर आहे, सर. म्हणून २००९ चा पॅरिसमधला प्रयोग मला सगळ्यात आवडतो. गाब्रिएल जिरार्दो, मिकाएल झुगारो, आणि बुझाकीही त्यात होते. आठ फाट्यांचा चक्रव्यूह, त्यातल्या ठरलेल्या तीनच फाट्यांत खाऊ. उंदराने ते तीन लक्षात ठेवायचे. रोजच्या सरावानंतर उंदीर झोपले की यंत्र त्यांच्या रिपलवर पाळत ठेवी आणि रिपल उठताक्षणी विजेचा एक बारीक टिचका देऊन ती मोडून टाकी. दुसऱ्या गटालाही टिचके दिले, तेवढेच, पण रिपल होऊन गेल्यावर. म्हणजे सराव सारखा, झोप सारखी, टिचके सारखे. फरक एकच, पहिल्या गटात दिवाणजीला वाचू दिलं नाही. पहिला गट मागे पडला.

माझ्या मशीनवर रिपल दिसत नाही हे कबूल करते. ती फार खोल आणि फार बारीक, कवटीवरच्या तारांपर्यंत पोचत नाही. पण एपिलेप्सीच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेआधी मेंदूच्या आत तारा घालून ठेवाव्या लागतात. २०१५ मध्ये जर्मनीतल्या अशा रुग्णांच्या नोंदींत दिसलं, की गाढ झोपेतल्या संथ लाटेच्या कुशीत चाती येते आणि चातीच्या लाटांच्या खळग्यांत रिपल बसते. तिन्ही एकात एक. म्हणजे मी स्क्रीनवर चाती बघते तेव्हा खतावणी चालू असण्याची वेळ बघत असते, एवढं म्हणायला हरकत नाही. २४ वर्षं मी चातीला 'पेशंट झोपला' एवढीच खूण समजत होते.

साध्या, निरोगी माणसांवरचंही एक सांगते. २००७, जर्मनी, यान बॉर्न यांचा गट. विद्यार्थ्यांना पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करायला दिल्या, लहान मुलं खेळतात तोच खेळ. पाठ करताना खोलीत गुलाबाचा वास सोडला. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा, त्यांना कळूही न देता. सकाळी त्यांना आदल्या रात्री पाठ झालेल्यांपैकी ९७ टक्के जोड्या आठवल्या, वास न दिलेल्या रात्रीनंतर ८६ टक्के. वासाने दिवाणजीला 'हे पान काढ' म्हणून सांगितलं. आता तुम्ही वर्गात गुलाबाच्या अगरबत्त्या लावायला धावू नका. पण अकरा टक्के म्हणजे तुमच्या टेस्ट सिरीजमध्ये किती रँक, याचा हिशेब तुम्ही करा.

हे सगळं घेऊन मी तुमच्या टाइमटेबलाकडे बघते तेव्हा डोकं गरगरतं. माझा भाचा या वर्षी बारावीत आहे, कळव्याहून येतो. सकाळी सातला कॉलेजची प्रॅक्टिकल्स, दुपारी दोन ते रात्री साडेआठ क्लास, घरी पोचायला नऊ-सव्वानऊ. जेवण. मग होमवर्क म्हणून साठ प्रश्न. रात्री अकराला ॲपवर 'लाइव्ह डाउट सेशन', आणि त्याची हजेरी लागते. रात्री अकराला हजेरी! रविवारी सकाळी सातला टेस्ट, म्हणजे साडेपाचला उठणं. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण मी शेजारणीच्या मुलीचं आणि आमच्या सिस्टरांच्या मुलाचं टाइमटेबलही मागून घेतलं, आणि तीन वेगवेगळ्या क्लासचे कागद एकाच मशीनवर छापल्यासारखे निघाले.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं. भाच्याला मिळते साडेचार-पाच. पण आकड्यापेक्षा कुठले तास कापले जातात ते बघा. रात्रीच्या पहिल्या भागात सगळ्यात गाढ झोप असते. मधल्या आणि शेवटच्या भागात चात्यांची आणि स्वप्नांची झोप जास्त. पहाटे चार-पाचला उठवलेलं मूल रात्रीचा मागचा तुकडा जवळजवळ पूर्णच गमावतं. फळी लावून दिवाणजी बसलाय, अर्धं पान झालंय आणि तुम्ही दिवा घालवता.

"मग लवकर झोपवा ना," हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. मागच्या पालकसभेत एका सरांनी ते दिलंच, आणि वर म्हणाले, "निजलेल्याच्या म्हशीला टोणगा." सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर राग आला. 'लवकर निजे लवकर उठे' ही ओळही आपल्याला फक्त दुसऱ्या अर्ध्यात आठवते. पण खरी अडचण वेगळी आहे. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्केडन यांनी वर्षानुवर्षं किशोरवयीन मुलांची झोप मोजली. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्र झाल्याची खबर देणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं. त्यांनी अशी मुलं तपासली जी नववीत ८.२५ च्या शाळेला जात होती आणि दहावीत ७.२० च्या. शाळा तासभर अलीकडे आली म्हणून मुलांचं घड्याळ अलीकडे आलं नाही. दहावीत गेल्यावर सकाळी साडेआठला झोपायला सांगितलं तर ती काही मिनिटांत झोपत, आणि त्यातली जवळजवळ निम्मी थेट स्वप्नांच्या झोपेत शिरत. निरोगी मेंदू असं सहसा करत नाही. नार्कोलेप्सी नावाच्या झोपेच्या आजारात ते दिसतं.

आणि आपल्याकडचा उलटा प्रकार पाहा. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितलं, मुलांची झोप होत नाही म्हणून. चांगलंच केलं. पण चिमुरडी आपली सहालाच उठून घर डोक्यावर घेतात. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलंय ती सोळा-सतराची पोरं सातच्या कॉलेजसाठी पहाटेच्या टीएमटी बसमध्ये उभ्याने झोपतात.

उभ्याने झोपतात हे मी गमतीने म्हटलं, पण याच्यावरही काम झालंय, आणि तुमच्या वर्गाशी त्याचा सगळ्यात जवळचा संबंध आहे. विस्कॉन्सिनमध्ये जूलिओ तोनोनी आणि किआरा चिरेल्ली यांच्या प्रयोगशाळेत व्लादिस्लाव व्याझोव्स्की यांनी उंदरांना नवी नवी खेळणी देऊन जास्त वेळ जागं ठेवलं. २०११ मध्ये त्यांनी लिहिलं, की उंदीर जागा, डोळे उघडे, एकंदर ईईजीही जाग्याची, आणि तरी मेंदूच्या सालीतल्या काही पेशी क्षणभर बंद पडत होत्या, गाढ झोपेत पडतात तशा. हात हलवणाऱ्या भागात हे साखरेचा दाणा उचलायच्या आधल्या क्षणी झालं, तर दाणा चुकण्याची शक्यता वाढत होती. २०१७ मध्ये लॉस एंजलिसला मेंदूत तारा असलेल्या १२ रुग्णांना पटापट चित्रं ओळखायला दिली, रात्रभराच्या जागरणानंतरही. ज्या वेळी माणूस अडखळला, त्याच वेळी त्याच्या पेशींनीही उशिरा आणि मिळमिळीत उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी साडेसातचं तुमचं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं लेक्चर आठवा. दुसऱ्या बाकावरचा मुलगा सरळ बसलाय, डोळे फळ्यावर, पेन चालू. त्याच्या मेंदूतले काही कोपरे त्या वेळी दिवे मालवून बसलेले असू शकतात. तुम्ही त्याला 'सिली मिस्टेक' म्हणता. आमच्या भाच्याच्या वहीवर लाल शाईत तेच लिहून येतं, अधिक-उणेची चिन्हं चुकतात म्हणून. उपाय म्हणून आणखी वीस गणितं, ती करायला आणखी एक तास, आणि तो तास कुठून येतो हे आपल्याला आता माहीत आहे.

कॉफीचं एवढंच सांगते, कारण तुमच्या दाराबाहेरच्या टपऱ्यांवर रात्री आठला मुलांची रांग असते. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानेच डोळे जडावतात. कॅफिन त्या ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं. दारावरची घंटी वाजतेच आहे, तुम्ही कानात कापूस घातलाय. आणि आठला प्यायलेल्या कॉफीतलं जवळजवळ निम्मं कॅफिन रात्री एकला अंगात असतं.

आता मागण्या. मी आठवड्याला चार तास शिकवणं कमी करा म्हणायला आलेली नाही. फी घेतलीय, सिलॅबस मोठा आहे, हे कळतं.

पहिली रविवारच्या टेस्टची. ती सातऐवजी दहाला घ्या. परीक्षा सकाळच्या सत्रात असते, सवय हवी, हे कारण मी ऐकलंय. जेईई मेनचं सकाळचं सत्र नऊला सुरू होतं, दुसरं दुपारी तीनला. नीट तर दुपारी दोनला असते. सातला कोण घेतंय? सात ही वेळ हॉलच्या पुढच्या बॅचसाठी आहे, एवढं तरी आपण एकमेकांशी खरं बोलू.

दुसरी, रात्री अकराचं सेशन. ते बंदच करा. याला मी घासाघीस करणार नाही. डाउट दुसऱ्या दिवशी विचारता येतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको, फार पहाटे नको, फार रात्री नको, असं लिहिलंय. तुमचे दोन ते साडेआठ हेच साडेसहा होतात. ॲपवरचे तास त्यात धरायचे नाहीत, ही पळवाट तुमच्या वकिलाला शोभते, तुम्हाला नाही.

तिसरी मागणी तुम्हाला विचित्र वाटेल. मधली सुट्टी परत आणा. भाच्याच्या क्लासमध्ये लागोपाठ चार लेक्चरं होतात, एक सर बाहेर पडतात आणि दुसरे आत येतात. बुझाकींच्या प्रयोगशाळेतूनच मार्च २०२४ मध्ये एक शोधनिबंध आला. उंदीर चक्रव्यूहात पळून थांबतो, गोड पाणी पितो, त्या थांबण्यातही रिपल उठतात. ज्या फेरीनंतरच्या थांब्यात रिपल उठल्या, तीच फेरी नंतरच्या झोपेत पुन्हा वाजत होती. दिवाणजी रात्री कुठली ओळ वाचणार, याची खूण दिवसाच्या त्या छोट्या विसाव्यात पडते. उंदरांवरचं काम आहे, मुलांना उंदीर म्हणत नाही मी. पण दोन लेक्चरांच्या मधे पंधरा मिनिटं, मोबाइल बाजूला, खाली जाऊन वडापाव खाऊन या, इतकं दिल्याने तुमचं काय जाईल? तुमच्या पिढीला शाळेत मिळालीच होती.

चौथं मागणं म्हणजे स्टेशनजवळच्या फ्लेक्सवर 'तो रोज फक्त चार तास झोपला' असं टॉपरच्या फोटोखाली छापणं थांबवा. ते खरं असलं तरी थांबवा.

"आम्ही वेळ बदलली तर समोरचा क्लास बदलणार नाही, पालक तिकडे जातील." याला माझ्याकडे खरंच चांगलं उत्तर नाही. पालक म्हणून आमचाही त्यात हात आहे. माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, रात्री एकला त्याच्या खोलीत दिवा दिसला की समाधानाने झोपते. दिवा बंद दिसला की दार ढकलून बघते. मी तिला हे सगळं सांगितलं, रोजकीर्द-खतावणीसकट. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तू क्लासला सांग. क्लासने सांगितलं तर आम्ही ऐकू."

म्हणून तुम्हाला लिहितेय. या शहरात सतरा वर्षांच्या मुलाच्या घरात डॉक्टरांपेक्षा, मावशीपेक्षा आणि सरकारी सूचनेपेक्षा तुमचा शब्द जास्त चालतो. तुम्ही वर्गात उभं राहून 'साडेदहाला पुस्तक मिटा, हा होमवर्कच आहे' म्हणालात, तर ते त्या रात्रीपासून होईल. एकाच बॅचवर करून बघा. जूनमध्ये एका बॅचचं टाइमटेबल बदला, दुसरीचं तसंच ठेवा, आणि दिवाळीनंतर दोघांच्या टेस्टचे मार्क शेजारी ठेवा. पॅरिसमधल्यांनी केलं तसं, फक्त कुणाला टिचके न देता. मार्क पडले तर मला पालकसभेत उभं करून तो टोणग्याचा विनोद पुन्हा सांगा.

आणि ज्यांना चाती बघायची असेल त्यांना दाखवायची माझी तयारी आहे. पेशंटच्या नोंदी दाखवता येत नाहीत, पण मी स्वतः टेबलावर झोपेन, तारा आमची ज्युनिअर लावेल. दुपारची ड्युटी संपल्यावर झोप मला लगेच लागते. विभागप्रमुखांची परवानगी मी काढते, तुम्ही फक्त शनिवार ठरवा. रविवारी तुमची टेस्ट असते.

आपली नम्र,
एक ईईजी टेक्निशियन, आणि बारावीतल्या एका मुलाची मावशी
वर्तकनगर, ठाणे